विहीणबाईंनी टोकियोत जेवायला बोलावलंय, आणि मी शाकाहारी

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा देते.

"माझा मुलगा सहा वर्षं टोकियोत नोकरीला आहे. तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न ठरलंय. मुलगी आमच्याकडे येऊन आठ दिवस राहून गेली, आम्हांला मनापासून आवडली. आता नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी दोन्ही घरच्यांनी एकत्र जेवायचं असं तिच्या आईवडिलांनी ठरवलंय. कागुराझाका नावाच्या भागातलं जुनं, पारंपरिक हॉटेल आहे, खूप महागडं आहे म्हणे. मी जन्मात मासे, मटण, अंडं खाल्लेलं नाही. ह्यांना मासे चालतात, पण गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. काड्यांनी जेवणं दोघांनाही जमत नाही. मुलगा म्हणतो, मी आहे ना, तू काळजी करू नको. पण झोप लागत नाही. मनात येतं, त्या दिवशी माझा उपवास आहे असं सांगावं आणि नुसतं फळ खावं. म्हणजे कुणाला त्रास नको. हे बरं दिसेल का?"

ताई, उपवासाचं सांगू नका.

तुमचा हेतू मला कळतो. कुणाला आपल्यामुळे ताटकळायला लागू नये, म्हणून स्वतः उपाशी राहायचं, ही सवय आपल्या पिढीच्या बायकांच्या अंगात मुरलेली आहे. पण तिकडे काय होईल ते ऐका. तुम्ही ऐनवेळी उपवास म्हणालात, की तुमच्या विहीणबाईंना पहिला विचार हा येईल की आपण त्यांच्या व्रताच्या दिवशी जेवण ठेवलं, आधी विचारलं नाही. त्या माफी मागतील. परत मागतील. मुलगी आईकडे बघेल, तुमचा मुलगा तुमच्याकडे बघेल, आणि ज्या जेवणासाठी त्या घरानं महिनाभर आधी खोली राखून ठेवली, ते सगळं तुमच्या रिकाम्या ताटाभोवती फिरत राहील. शिवाय सोयरिकीची सुरुवात खोट्यानं कशाला करायची?

मी टोकियोत चौदा वर्षं दुभाषी म्हणून काम केलं. मीही शाकाहारी आहे. पहिल्याच वर्षी एका कंपनीच्या पाहुण्यांबरोबर मला अशाच एका हॉटेलात नेलं होतं. मी कुणाला आधी काही बोलले नाही, दारात चपला काढता काढता सांगितलं, की मी शाकाहारी आहे. ज्या बाई आमचं स्वागत करत होत्या त्या क्षणभर थांबल्या, मग गुडघ्यांवर बसून वाकल्या आणि आत गेल्या. त्या दुपारी मला भात, लोणचं, थंड टोफू आणि काकडी मिळाली. त्या बाईंनी येऊन तीनदा क्षमा मागितली. आमचे यजमान शेवटपर्यंत नीट हसले नाहीत. हॉटेलची काहीच चूक नव्हती, त्यांच्या हातात वेळच नव्हता. मला वाटलं होतं की आधी सांगणं म्हणजे मागण्या करणं. तिथे ते उलटं आहे हे मला त्या दिवशी कळलं. आधी सांगणं हे यजमानाला मदत करणं असतं, आणि न सांगणं म्हणजे त्याला तोंडघशी पाडणं.

अशा हॉटेलाला तिकडे ऱ्योतेई म्हणतात. आपल्यासारखं आत जायचं, मेनूकार्ड बघायचं आणि मागवायचं, असं तिथे नसतं. तुमच्यासाठी एक खोली, त्या खोलीतल्या माणसांसाठी ठरलेलं जेवण, त्या आठवड्यात बाजारात जे उत्तम आलंय त्यातून केलेलं. या एकामागून एक येणाऱ्या जेवणाला काइसेकी म्हणतात. आचारी आधीच ठरवतो की अमुक खोलीत वयस्कर पाहुणे आहेत, तर तुकडे लहान करू. लग्नाची बोलणी आहेत, तर लाल-पांढरं काही ठेवू. अशा माणसाला तुम्ही पाच आठवडे आधी सांगितलंत की एक पाहुणी मासे खात नाही, तर तो ते ओझं मानत नाही. त्याचं कामच ते आहे. हेच त्याला जेवणाच्या दिवशी कळलं, तर तो हतबल होतो.

हतबल का, तर दाशीमुळे. हे नीट समजून घ्या, कारण परदेशात गेलेले आपले बहुतेक शाकाहारी लोक इथेच फसतात. आपल्याकडे जशी फोडणी, तशी तिकडे दाशी. हे एक पातळ, सोनेरी पाणी असतं. कोम्बू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ पाण्यात मंद तापवतात, मग ते काढून त्यात कात्सुओबुशीचे काप टाकतात आणि लगेच गाळून घेतात. कात्सुओ हा आपल्या कुप्याच्या जातीचा मासा. तो उकडून, धुरावर धरून, वाळवून इतका कडक करतात की हातात लाकडाचा तुकडा वाटावा. सुताराच्या रंध्यासारख्याच पात्यावर त्याचे तलम काप काढतात. ही दाशी सारात असते, शिजवलेल्या भोपळ्यात असते, पालकाच्या गार भाजीत असते, मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, आमटीत असते. म्हणून "मी भाज्याच खाते" म्हटलं की समोरचा प्रामाणिकपणे भाज्याच देतो, आणि त्या माशाच्या पाण्यात शिजलेल्या असतात. त्याच्या लेखी तो मासा नसतोच. व्हेजिटेरियन हा शब्द तिकडे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा अर्थ ज्याचा त्याचा वेगळा.

तेव्हा मुलाला "आई शाकाहारी आहे" एवढंच सांगायला लावू नका. त्याला हे वाक्य जसंच्या तसं द्या: "हाहा वा निकु, साकाना, एबी, तामागो ओ ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बू तो शिइताके नो दाशी नारा दाइजोबु देसु." म्हणजे, आई मांस, मासे, कोळंबी, अंडं खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही, कोम्बू आणि शिताके अळंबीची दाशी असेल तर चालेल. दूध, कांदा, लसूण यांचं तुमचं काय ते त्यात जोडायला सांगा. आणखी एक गोष्ट विचार करून ठरवा. तिकडच्या स्वयंपाकात मिरिन आणि साके सर्रास पडतात, म्हणजे तांदळापासूनचं मद्य. शिजताना त्याचा अंमल बराचसा उडून जातो, पण तुम्हांला तत्त्व म्हणून नकोच असेल तर तेही आत्ताच सांगायचं.

आणि हे सांगायचं कुणाला? थेट हॉटेलला नाही. खोली विहीणबाईंनी राखून ठेवली आहे, तर निरोप मुलाकडून मुलीला, मुलीकडून तिच्या आईला आणि त्यांच्याकडून हॉटेलच्या मालकीणबाईंना असाच जाऊ द्या. त्यांना ओकामी म्हणतात. मधल्या माणसाला वगळून परस्पर फोन केला तर विहीणबाईंना वाटेल आपल्यावर विश्वास नाही.

हॉटेलनं नाही म्हटलं तर? तसंही होऊ शकतं. काही ठिकाणी त्यांच्या चवीचा पायाच कात्सुओ असतो, आणि अर्धवट करण्यापेक्षा ते नम्रपणे नकार देतात. त्यात अपमान मानू नका. पाच आठवडे हातात असताना दुसरी जागा मिळते. टोकियोत आतागो भागात दाइगो नावाचं हॉटेल आहे, तिथे शोजिन ऱ्योरी करतात, म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण, आणि तेही अशाच खोल्यांत, तितक्याच अदबीनं. क्योतोला अराशियामातल्या तेनऱ्यु-जी या मंदिराच्या आवारातसुद्धा ते मिळतं. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये मठातल्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहून ठेवल्या आहेत, तांदूळ कसा निवडायचा इथपासून. त्या जेवणात मासे-मांस तर नाहीच, कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या गोष्टीही वर्ज्य. तुमच्या आजेसासूबाई त्या पंगतीला निश्चिंत बसल्या असत्या. शाकाहार त्या देशाला नवा नाही, रोजच्या वहिवाटीतून तो मागे पडलाय इतकंच. विहीणबाईंना शोजिन हा शब्द कानावर पडला, की तुमचं म्हणणं त्यांना लगेच उमगेल. त्या शब्दाला तिकडे मान आहे.

आता गुडघ्यांचं. तेही त्याच निरोपात घाला. बऱ्याच जुन्या हॉटेलांत होरीगोतात्सु असतं, म्हणजे बुटक्या टेबलाखाली खड्डा, त्यात पाय सोडून खुर्चीसारखं बसता येतं. वरून सगळे मांडी घालून बसल्यासारखे दिसतात. ते नसेल तर तातामीवरच, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जाड गवती चटयांवरच, बुटक्या खुर्च्या मांडून देतात. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांचेही गुडघे दुखतातच, त्यामुळे या मागणीत त्यांना नवल काही नाही.

बाकीच्या गोष्टींची काळजी मला कमी वाटते, पण तुमची झोप उडाली आहे म्हणून दिवस सुरू झाल्यापासूनचं सांगते.

साडीच नेसा. पायांत मोजे हवेत, धुतलेले, बोटाशी विरलेले नकोत. तातामीवर अनवाणी जाणं अशा प्रसंगी बरं दिसत नाही. साडीखाली मोजे विचित्र वाटतील, पण त्वचेच्या रंगाचे घ्या, कळणारही नाहीत. हातात बांगड्या मोजक्या ठेवा, आणि खड्याची उंच अंगठी असेल तर पर्समध्ये काढून ठेवा. तिथली सारवाटी लाखेच्या रोगणाची असते, कधी दोन-तीन पिढ्या जुनी. तिच्यावर ओरखडा उठला तर जात नाही. अत्तर, सेंट, वासाचं तेल अजिबात नको. याचं कारण पुढे येईल.

दारात बूट काढले की आत निघून जा. ते वळवून ठेवायचं काम तिथल्या बायका करतात. खोलीत शिरताना तातामीच्या कापडी काठावर आणि बसायच्या गादीवर पाय देऊ नका. एका भिंतीत कोनाड्यासारखी जागा दिसेल, तिथे एक लांब चित्र किंवा अक्षरं टांगलेली असतील आणि खाली एखादंच फूल. ते तोकोनोमा. त्याच्यासमोरची, दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची, आणि तुम्हांला बहुधा तिथेच बसवतील. आपण अशा वेळी "नाही नाही, तुम्ही बसा" सुरू करतो. एकदा म्हणा, शोभून दिसतं. दुसऱ्यांदा सांगितलं की बसा, नाहीतर कुणालाच बसता येत नाही.

बसल्यावर, काही खायच्या आधी, भेटवस्तू द्यायची. पिशवीतून काढून, दोन्ही हातांनी. ती तिथेच उघडली नाही तर मनाला लावून घेऊ नका, समोर न उघडणं हा त्यांच्याकडे अदबीचा भाग आहे. काय न्यायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मनात एक आहे. सावंतवाडीची गंजिफा. हातानं रंगवलेले गोल पत्ते, वर लाखेचं काम. ज्या घरात लाखेच्या वाटीची किंमत कळते, त्या घरात ती डबी हातात घेतल्याबरोबर त्यांना काम कळेल. सोबत कोकणातले काजू. फक्त चार नग असं काही नेऊ नका. चारचा एक उच्चार शि आणि मृत्यूचा उच्चारही शि, म्हणून तो आकडा टाळतात.

सुरुवातीला हिरव्या चहाऐवजी गरम पाण्यात उमललेलं एक गुलाबी फूल घातलेला पेला आला, तर चकित होऊ नका. ते मिठात मुरवलेलं चेरीचं फूल, साकुरा-यु. लग्नाच्या बोलण्यांत साधा चहा टाळतात, कारण 'चहा गढूळ करणं' या त्यांच्या वाक्प्रचाराचा अर्थ टोलवाटोलवी करणं. असल्या शब्दांच्या शकुनांवर त्यांचा आपल्याइतकाच जीव आहे. म्हणूनच टेबलावर एक अख्खा मासा येण्याची तयारी ठेवा, डोक्याशेपटीसकट, भाजलेला. त्याचं नाव ताई, आणि शुभ या अर्थाचा त्यांचा शब्द मेदेताई. तुमच्या मुलाच्या नावानं तो शकुन मांडलेला असेल. तुम्हांला तो खायचा नाही, पण पदर नाकाला लागू देऊ नका आणि नजर फिरवू नका. आपल्या ओटीतल्या नारळाकडे बघता तसं बघा. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या, जमलं तर मुलाकडून सांगवा: तुमची दाशी ज्या कोम्बूची असेल तो कोम्बूही त्यांच्याकडे शुभच आहे, कारण आनंदित होणं म्हणजे योरोकोबू. मासा न खाता तुम्ही त्या शकुनाबाहेर राहत नाही.

गरम ओला रुमाल येईल, त्यानं हात पुसायचे. तोंड आणि मान नाही. मग सगळे पेला उचलून कानपाई म्हणतील. तुम्ही चहाचा किंवा रसाचा उचला, कुणी आग्रह करणार नाही. ह्यांना साके पुरे झाली असेल तर पेला भरलेला राहू द्यावा. रिकामा दिसला की शेजारचा माणूस भरणारच, तो त्याचा पाहुणचार आहे. तुम्हीही समोरच्यांचा पेला बघून भरा. वाढप करणाऱ्या बाईला ते फार आवडेल.

खाण्याआधी सगळे हात जोडून "इतादाकीमासु" म्हणतात, मी हे नम्रपणे स्वीकारते असा त्याचा भाव. आपण "वदनी कवळ घेता" म्हणतो त्याच जागी. तुम्ही मनात श्लोक म्हणा आणि तोंडानं इतादाकीमासु म्हणा, दोन्ही खरं होईल.

काड्यांचा सराव आजपासून करा. भाजलेले शेंगदाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. पंधरा दिवसांत हात बसतो. नाहीच बसला तर चमचा मागायला लाज नको, "सुपून" म्हटलं की आणून देतात. वाकडीतिकडी धरलीत तरी कुणी मनावर घेणार नाही. पण दोन गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा, आणि त्या तुम्हांला एकदा सांगितल्या की पुन्हा सांगाव्या लागणार नाहीत. तिकडे दहनानंतर नातेवाईक काड्यांनी अस्थी उचलून एकमेकांकडे देत कलशात ठेवतात. आपलं सावडणं. म्हणून आपल्या काड्यांनी उचललेला घास दुसऱ्याच्या काड्यांत द्यायचा नाही. तुम्ही आई आहात, जेवता जेवता चांगला तुकडा मुलाच्या ताटात सरकवायचा मोह होईल. वाटी सरकवा, घास नाही. आणि भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, मृताजवळ ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. पिंडाची आठवण करून देणारं लग्नाच्या पंगतीत नको.

डाव्या हाताचं मात्र तुम्हांला उलटं शिकावं लागेल. आपण डावा हात ताटापासून लांब ठेवतो. तिकडे डाव्या हातानं लहान वाटी उचलून छातीजवळ धरणं हीच रीत, वाटी खाली ठेवून तिच्यावर वाकणं वाईट. सार तर वाटी तोंडाला लावूनच प्यायचं. आमटीचा भुरका मारणाऱ्याला हे अवघड नाही.

त्या साराबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुम्ही घाबरत घाबरत जेवलात आणि ते निसटलं तर मला वाईट वाटेल. दोन-तीन लहान पदार्थांनंतर झाकणाची एक वाटी येते. आचाऱ्याची परीक्षा याच वाटीत होते असं मानतात. झाकण गच्च बसलेलं असतं. डाव्या हातानं वाटी कडेला हलकी दाबा, हवा आत जाते आणि झाकण सुटतं. ते तिरकं करून त्यावरचे थेंब वाटीतच निथळू द्या, मग बाजूला ठेवा. आणि लगेच प्यायचं नाही. नाक जवळ न्या. आपली फोडणी चुर्र झाली की शेजारच्या घरात कळतं. इथे सगळा वास त्या झाकणाखाली एका माणसासाठी राखून ठेवलेला असतो आणि तो पहिल्या दोन-चार श्वासांपुरताच टिकतो. तुमच्या वाटीत बहुधा कोम्बू आणि शिताकेचं नितळ सार असेल, मधोमध तिळाच्या पिठीचा आणि कुझु नावाच्या कंदाच्या सत्त्वाचा मऊ, पांढरा चौकोन, आणि वर युझु या लिंबाच्या सालीचा नखाएवढा काप. म्हणून म्हटलं अत्तर नको. एका माणसाच्या सेंटनं सगळ्या खोलीची ती वाटी जाते.

पहिला घोट तुम्हांला फिका लागेल. मलाही लागला होता. जिभेला तिखट-मिठाचा चटका हवा असतो आणि तो येतच नाही. दुसरा घोट घ्या, गिळल्यावर थोडं थांबा. जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी भरल्यासारखं राहतं. टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बूच्या दाशीतूनच ती चव वेगळी काढली आणि तिला उमामी नाव दिलं. मासा न घालताही ती येते, कारण मुळात ती त्या शेवाळातच आहे. पर्समधली चटणीची डबी या वेळी बाहेर काढू नका, ताई. रात्री मुक्कामाच्या खोलीत खा.

पदार्थ लहान वाटले तरी ते बरेच येतात, आणि अडीच-तीन तास चालतं, म्हणून सकाळी थोडं खाऊन निघा. नोव्हेंबर आहे, म्हणजे शेवटची लाल पानं, सलगम, चेस्टनट, आपल्या अळकुड्यांच्या जातीचा एबि-इमो, मुळ्याच्या जाड चकतीवर युझु घातलेला गोडसर मिसो. ताटलीवर एखादं खरं मेपलचं पान असेल, ते खायचं नसतं. प्रत्येक भांडं तुमच्याकडे तोंड करून ठेवलेलं असतं. आपण ताट वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जागच्या जागी वाढतो, आणि मीठ भलतीकडे पडलं तर सासूबाईंच्या भुवया चढायच्या, तेच शिस्तीचं प्रेम तिथे आहे. हे तुम्ही मुलामार्फत विहीणबाईंना जरूर सांगा. आणि सांगताना मुलाकडे बघू नका, त्यांच्याकडे बघून मराठीतच बोला. दुभाष्याकडे बघून बोलणारी माणसं शेवटपर्यंत एकमेकांना अनोळखी राहतात, हे मी शेकडो बैठकींत बघितलंय.

काळजी घेऊनही एखाद्या पदार्थात मासा आलाच, तर तो तसाच राहू द्या. मुलाला हळूच सांगा, ताटली परत पाठवण्याचा गाजावाजा नको.

भात, मिसोची आमटी आणि लोणचं आलं की जेवण संपत आलं असं समजा. आपला ताकभात. त्यानंतर फळ, बहुधा पर्सिमन किंवा नाशपाती, आणि चहा. झाकणाच्या वाट्यांवर झाकणं जशी होती तशी परत ठेवा, उलटी नाही.

बिलाचं मुलाला आजच विचारा. अशा जेवणाचा खर्च कुणी करायचा याची रीत घरोघरी वेगळी. कुठे निम्मानिम्मा, कुठे लांबून आलेल्यांचा प्रवास धरून दुसरी बाजू जेवणाचं बघते. मुलानं आणि मुलीनं हे आधीच बोलून ठेवायला हवं. तिथे टेबलावर बिल येणारच नाही, कुणीतरी मध्येच उठून देऊन येईल आणि तुम्हांला कळणारही नाही. ह्यांना सांगून ठेवा, पाकीट काढून ओढाताण करायची नाही. टिप देत नाहीत, सेवेचा आकार बिलातच असतो. खर्च त्यांनी केला असेल तर दुसऱ्या दिवशी मुलाकडून आभाराचा निरोप जायलाच हवा, आणि त्या लग्नाला इकडे येतील तेव्हा तुमच्या घरी तुम्ही वाढालच.

उठताना हात जोडून "गोचिसोसामा देश्ता" म्हणा. आपण "अन्नदाता सुखी भव" म्हणतो, तसं. ओकामी आणि वाढणाऱ्या बाई दोघी दारापर्यंत येतील, बाहेर रस्त्यावरही येतील. कागुराझाकाच्या त्या गल्ल्या अरुंद आहेत, दगडी फरसबंदीच्या, साडी जरा उचलून चाला. वीसेक पावलं गेल्यावर तुम्हांला वाटेल की त्या आत गेल्या असतील. गेलेल्या नसतात. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहतात. गल्लीच्या वळणावर थांबा, मागे वळा, ह्यांनाही वळायला सांगा, आणि एकदा वाकून नमस्कार करा. मग वळा.